चार नंबरमधला डबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. साताऱ्याच्या बहिणीला नाही, इथल्या कुणालाही नाही. सिनेमावाल्या मुलीला सांगितलं असं तुम्ही म्हणाल – पण तिला मी जे सांगितलं ते वेगळंच होतं, आणि गोची तिथेच आहे.

तो सिनेमा तुम्ही पाहिलाही असेल. छोटासाच होता, आठवडाभरात थिएटरमधून उतरला. कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणारे दोघं – बाई पहिल्या पाळीला, बुवा दुसऱ्या. भेट रोज फक्त पाळी बदलताना, दहा मिनिटं. बाकी सगळं प्रेम लॉगबुकातल्या ‘शेरा’ नावाच्या रकान्यात. लोकांना गंमत वाटली. त्यात डब्याचा एक प्रसंग आहे, त्याला थिएटर सगळ्यात जास्त हसलं. तो प्रसंग खोटा आहे. सिनेमात असतात तसा खोटा नव्हे – मी तो खोटा करून दिलाय.

थांबा, आधीचं सांगतो. नाहीतर माझाच गोंधळ व्हायचा.

मी तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये आहे, मार्केटच्या मागच्या बाजूला. खजूर, सुकी मिरची, चिंच, सफरचंद – सगळं आमच्याकडे थंडीत पडून असतं. भर मे महिन्यात बाहेर लोक घामाने निथळत असतात आणि आम्ही स्वेटर-कानटोपी घालून फिरतो, त्यामुळे चहाच्या टपरीवर आमची यथेच्छ चेष्टा होते. मी दुसऱ्या पाळीचा. पहिल्या पाळीला रंजनाताई. जवळच्याच सारसोळे गावच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी कॉलेजात. माझं लग्न राहून गेलेलं – का राहिलं ते विचारू नका, मलाही नीट सांगता येत नाही. ताई म्हणायचो, अजूनही म्हणतो. सगळेच म्हणतात म्हणून पहिल्या दिवशी म्हटलं आणि मग ते बदलायचं कसं? कामावरच्या माणसाला एका दुपारी अचानक नुसतं ‘रंजना’ म्हणायची हिंमत कुठून आणायची?

दर दोन तासांनी लॉगबुकात प्रत्येक खोलीचं तापमान लिहायचं आणि पुढे शेरा. शेरा म्हणजे ‘पंखा आवाज करतो’, ‘बर्फ साठला’ असलं काहीतरी. रंजनाताईंनी एकदा लिहिलं – ‘चार नंबरचं दार नीट लागत नाय. डब्यात कालवन हाय. आजच खा.’ मी खाली लिहिलं – ‘दार बघितलं. कालवण उत्तम.’ सुरुवात एवढीच. पुढे दोन वर्षं आम्ही त्या रकान्यात लिहीत राहिलो. त्यांच्या मुलीची परीक्षा, माझा गुडघा, एकदा नुसतंच ‘आज जीव लागत नाय’. ते वाचून मी संध्याकाळभर त्या पानाशी घुटमळत राहिलो होतो. हे प्रेम होतं का? मला वाटतं होतं. त्यांना काय वाटायचं, हे विचारायला शेऱ्याचा रकाना फार अरुंद होता – असं मी स्वतःला सांगत आलोय.

त्या सुमारास आमचे जुने इन्चार्ज निवृत्त होणार होते. जागा रंजनाताईंना मिळणार हे ठरल्यासारखंच होतं. शेठ स्वतः त्यांना बोलले होते. इतकी वर्षं मशिनचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारी बाई – दुसरं कोण होणार? त्यांना ते फार हवं होतं. इन्चार्जला जनरल पाळी, म्हणजे सातऐवजी नऊला यायचं. शेऱ्यात लिहिलं होतं त्यांनी – ‘जनरल पाळी झाली की पोरीबरोबर सकालचा चा पिता येल.’

आणि मग डबा.

त्या दिवशी त्यांनी सुक्या बोंबलाचं कालवण आणलं होतं. शेरा नेहमीचाच – आजच खा. मी त्या दिवशी जेवून आलो होतो. दुसऱ्या दिवसापासून माझी तीन दिवस रजा, बहिणीची घरभरणी. कालवण टाकवेना. मग म्हटलं, एवढा थंडावा आहे, राहील की. चार नंबरमध्ये खजुराच्या पेट्यांमागे डबा ठेवला. आमच्या धंद्यात खायची गोष्ट मालाच्या खोलीत ठेवायची नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. आणि खजूर तर शेजारच्याचा वास पटकन ओढून घेतो. मला माहीत नव्हतं का? होतं. झाकणही धड लावलं नव्हतं.

मी रजेवरून आलो त्याच दुपारी व्यापारी पेटी फोडून उभा. खजुराला बोंबलाचा वास. शेठ, व्यापारी, सगळे हमाल चार नंबरमध्ये, आणि कुणीतरी पेट्यांमागून तो डबा काढला. स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला, बाजूला नाव कोरलेलं – ‘रंजना, सारसोळे’. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं.

शेठनी विचारलं, “हा कुणाचा?”

रंजनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. वाट पाहिल्यासारखं – आता मी बोलेन म्हणून. मला कानटोपीतही ऐकू येत होतं सगळं, तरी मी टोपी वर-खाली करत राहिलो. किती वेळ गेला असेल? एक वाक्य बोलायला पुरेल एवढा नक्की गेला.

“माझाच हाय,” त्या म्हणाल्या.

डबा त्यांचाच होता, त्यात खोटं काही नव्हतं. खोटं माझं होतं, आणि ते मी न बोलता बोललो. त्यांना मेमो मिळाला. महिन्याने इन्चार्ज मला केलं. मी ते घेतलं. तेव्हा तरी बोलता आलं असतं, नाही का? पेढे आणले मी. रंजनाताईंनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. शेऱ्याच्या रकान्यात त्यानंतर पंखा आणि बर्फ, बाकी काही नाही. मी आता जनरल पाळीला, त्यामुळे पाळी बदलतानाची ती दहा मिनिटंही गेली.

पुढच्या वर्षी ती सिनेमावाली मुलगी आली, शूटिंगसाठी जागा बघायला. मी स्वेटर देऊन तिला खोल्या दाखवल्या. हसत म्हणाली, “दादा, इथे कोण प्रेमात पडत असेल?” आणि मी सांगत सुटलो. शेऱ्यांचं, ताई म्हणण्याचं, सगळं. दोन दिवस जुनी लॉगबुकंही नेऊ दिली तिला. का? अभिमान वाटला का? की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं? खरंच कळत नाही. डब्यापाशी आलो तेव्हा मात्र न अडखळता सांगितलं – की बाईनेच प्रेमाच्या भरात डबा खजुरात ठेवला, बुवासाठी. मुलगी पोट धरून हसली. तिने विचारलंसुद्धा नव्हतं कुणी ठेवला ते. मी आपणहून सांगितलं. डबा माझ्याकडेच होता – त्या दिवशी कचऱ्यातून काढून धुऊन ठेवलेला. रिकामा परत कसा द्यायचा, म्हणून राहिलेला. शूटिंगला हवाय म्हणाली, तोही दिला.

शेठनी आम्हा सगळ्यांना वाशीला सिनेमा दाखवला. रंजनाताई माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून, चांगली साडी नेसून आल्या होत्या. पडद्यावर त्यांचे शेरे, त्यांचे शब्द. आमचे लोक कोपराने एकमेकांना ढोसत होते. डबा आला – पोचा आलेलं झाकण, भलंमोठं. ती बाई डबा लपवते, घसरते, खजुरांवर पडते. सगळं थिएटर हसलं. रंजनाताईही हसल्या, तोंडावर पदर धरून. मी त्यांच्याकडे बघत होतो. तुम्ही म्हणाल, हसल्या म्हणजे माफ केलं. मला तसं धरून चालता येत नाही. शेवट व्हायच्या आधी घरून त्यांच्या मुलीचा फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या.

बाहेर बसस्टॉपवर भेटल्या. म्हणाल्या, “डबा तुमच्याकडं होता तर. मला वाटला टाकला.” मी मान हलवली. मग म्हणाल्या, “कालवनाला रंग चांगला आनलेला. शेवट माजा बघायचा राहिला. त्या बाईला केली का इन्चार्ज?”

सिनेमात बाई नोकरी सोडते. लग्न होतं, इन्चार्ज बुवा होतो, आणि ती त्याला दारातून डबा देते. हा शेवट काही मी सांगितलेला नव्हता, पण त्या मुलीला तो सुचावा असंच मी सगळं सांगितलं होतं.

“हो, केली,” मी म्हणालो.

“बरा झाला,” त्या म्हणाल्या. आणि बस आली.

आता तो सिनेमा मोबाईलवर आलाय. त्यांची मुलगी कधीतरी लावून दाखवेल, किंवा दाखवलाही असेल. रंजनाताई अजून पहिल्या पाळीला येतात, सात वाजता. मी नऊला येतो आणि त्यांनी लिहिलेल्या तापमानाखाली सही करतो. त्या दिवशी चार नंबरमध्ये डबा मी ठेवला होता.