विरघळणारा स्क्रू

कर्जतला हाडांचा डॉक्टर म्हणून बसलात की प्लॅस्टरपेक्षा किस्सेच जास्त साठतात!

माझं बरंचसं काम हाडातल्या सिस्टचं. ही कॅन्सरची गाठ नव्हे. पण हाड आतून पोकळ होतं आणि जराशा धक्क्यानं मोडतं. आम्ही ती खरवडतो, पोकळीत हाड भरून यायला मदत करणारे दाणे भरतो, गरज पडली तर विरघळणारा स्क्रू बसवतो. हाड भरत जातं, स्क्रू जिरत जातो.

पोशीरच्या एका शेतकऱ्याला हे मी चित्रं काढून वीस मिनिटं समजावलं. तो म्हणाला, "म्हंजे आतून किडलेला बांबू!"

तेव्हापासून मी चित्रं काढत नाही.

*

रसायनीच्या एका फिटरच्या टाचेत सिस्ट होती. स्क्रू बघून म्हणाला, "डाक्टर, नटबोल्ट गंजू नये म्हणून मी हयात घालवली, आणि तुमी मुद्दाम विरघळणारा लावताय?"

वर्षभरानं पेढे घेऊन तीन जिने चढून माझ्या घरी आला. लिफ्ट चालू असताना!

*

हा स्क्रू एक्स-रेत दिसत नाही. एका पेशंटचा मेहुणा फिल्म उजेडात धरून ओरडला, "स्क्रू कुटं हाय? टाकलाच नाय!"

आमच्या सुमन सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "दादा, आत्ता चहा प्यायलात ना? साखर दिसली का त्यात?"

*

भिवपुरीची एक वहिनी मात्र खट्टू झाली. "स्क्रू काढायला परत यायचंच नाय? मी त्या निमतानं माहेरी ऱ्हायचं ठरवलं व्हतं!"

मी लिहून दिलं : 'आठ दिवस सक्त विश्रांती. माहेरी.'

*

आणि खालापूरची वैशाली. दहावीतली, कबड्डी खेळणारी. सिस्टमुळे तिचा दंड दोनदा मोडला. दुसऱ्यांदा तर नुसता हंडा उचलताना. आई रडत होती, "आता खेळ बंद गं बाय!" वैशालीनं ऑपरेशनच्या टेबलावर मला एवढंच विचारलं, "पकड करता येईल ना?"

"आधी हाड भरू दे," मी म्हणालो.

दीड वर्षानं शेवटच्या एक्स-रेत पोकळीचा मागमूस नव्हता. तरी ती फिल्म तीनदा उजेडात धरून बघितली, मगच खेळायची परवानगी लिहिली.

तालुक्याच्या फायनलला मी तिच्या आईशेजारी बसलो होतो. आईनं डोळे घट्ट मिटलेले. शेवटची चढाई, समोरची पोरगी चांगली दांडगी. वैशालीनं त्याच हातानं तिला एकटीनं आडवी केली. शिट्टी! सामना जिंकला!

तेवढ्यात ती दांडगी पोरगी खांदा धरून थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हिचं डाक्टर तुमीच ना? मंग माजा हातबी बगा!"