बांधावरची टाळी

स्वातीचा फोन आला तेव्हा मी रानातच होतो. "काका, बाबा काल माझ्याकडे राहायला आले होते ना, पहाटे गेले. झोपेतच..." एवढंच बोलली. "येतो," म्हणालो आणि तिथंच बांधावर बसून राहिलो. इंगळे सर रोज सकाळी बसायचे, नेमकं तिथंच.

सर मूळचे अकोल्याचे, शाळेतून निवृत्त झालेले. मुलगी स्वाती हिंजवडीत नोकरीला म्हणून इकडं आले. तिच्या टॉवरवरून कबुतरांखेरीज काही दिसत नाही, या तक्रारीपायी त्यांनी भरे गावात माझी माडीवरची खोली भाड्यानं घेतली. गळ्यात दुर्बीण, बोलणं हळू. मला वाटलं, माणूस गरीब गाय आहे. गाय कसली, मारकी म्हैस निघाली.

आमच्याकडं तित्तर धरायची रीत जुनी. बांधाच्या कडेला फासे लावायचे आणि आडोशाला बसून त्याच्यासारखी शीळ घालायची. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो भांडायला धावतो आणि अडकतो. माझी शीळ पंचक्रोशीत नावाजलेली. आणि तित्तराचा रस्सा झकास लागतो, गेलेल्या माणसापाशी खोटं कशाला बोलू.

पहिल्याच हिवाळ्यात सरांनी मला फासे लावताना पाहिलं. "काहून मारता हो त्याले, पाटील? घरी कोंबड्या कमी आहेत काय? अन् कायद्यानं गुन्हा आहे हा."

"कायदा तुमचा असंल, रान माजं हाय," मी म्हणालो. "आन तुमी तरी काय करता? मोबाईलवर त्याचा आवाज लावून जवळ बोलावता, फोटू काढता. तुमी बी फसवताच की."

सरांनी मोबाईल खिशात घातला. त्यानंतर त्यांनी तो आवाज पुन्हा कधी लावला नाही. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या सकाळी शीळ घातली, पक्षी गवतातून बाहेर आला, आणि तेवढ्यात बांधावरून टाळी वाजली. पक्षी भुर्र. मी सरांना एक सणसणीत शिवी हासडली. ते नुसते हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

महिनाभर हेच. मी शीळ घालायची, त्यांनी टाळी वाजवायची. गावात लोक विचारायला लागले, "काय, झाली का आरती?" शेवटी माझं डोकं फिरलं. म्हणालो, "खोली खाली करा."

वाद नाही, विनवणी नाही. संध्याकाळी सामान बांधून चावी द्यायला आले. "चाललो, पाटील. पण सकाळी येईनच. तुमच्या बांधावर नाही, पलीकडच्या रस्त्यावर. तो सरकारी आहे, अन् तिथून टाळी ऐकू जाते."

मला आधी राग आला, मग हसू फुटलं, आणि मग असं वाटलं की हा माणूस गेला तर सकाळी रानात यायचं तरी कशाला? चावी परत त्यांच्या हातात ठेवली. "वर जा. च्या पाटवतो."

फासे मी माळ्यावर टाकले. पण सोडलं असं कधी तोंडानं कबूल केलं नाही. सरही रोज बांधावर यायचे. "भरवसा नाही तुमचा," म्हणायचे. मग आम्ही दोघं शेजारी बसायचो. तित्तर ओरडायचा, ते दुर्बीण माझ्याकडं द्यायचे... एवढ्या जवळून मी तो पक्षी फक्त ताटात पाहिला होता.

स्वातीनं सामान नेलं तरी खोली मी अजून कुणाला दिलेली नाही. सकाळी पाय आपोआप बांधाकडं वळतात. सर नाहीत, हे तिथं गेल्यावर रोज नव्यानं कळतं.

परवा असाच बसलो होतो. शेजारच्या प्लॉटमधून शीळ आली. कच्चीच होती, पण पक्षी फसला आणि मान वर करून तिकडं धावला. माझे हात आपसूक वर गेले. जोरात टाळी वाजवली.

पक्षी उडाला. पलीकडून कुणीतरी शिवी हासडली. मी सरांना दिली होती, तीच.