घर दिसेपर्यंत

सोबतकाकांनी कुणाला आपल्या दारातूनच निरोप दिल्याचं मी कधी पाहिलं नाही. पाहुणा उठला, की काका उठत. पाहुण्याचे बूट घालून होईपर्यंत यांची लोकरी टोपी डोक्यावर आणि घराची किल्ली हातात. मग पाहुण्याचं घर, गाडी किंवा स्टेशन, जे काही असेल ते येईपर्यंत ते शेजारून चालत राहत. स्टॅनमोरच्या आमच्या मराठी मंडळींत त्यांचं खरं नाव पासपोर्टापुरतं उरलं होतं. लहानमोठे सगळे त्यांना सोबतकाकाच म्हणत.

खरं तर स्टॅनमोर हे सोबतीची गरज पडावी असं ठिकाणच नव्हे. लंडनच्या भुयारी रेल्वेची, ट्यूबची, लाइन इथे येऊन संपते. गाडी रिकामी होते, आणि माणसं आपापल्या कुंपणांमागे विरघळून जातात. वाटेत भेटलाच तर एखादा कोल्हा भेटतो, आणि तोही बाजूला उभा राहून आपल्याला वाट देतो. अशा ठिकाणी एक साठीकडे झुकलेला, चष्मा लावणारा, दम्याचा पंप खिशात ठेवणारा माणूस सहा फुटी तरुणांना घरी पोचवीत हिंडे. याचं सगळ्यांना हसू येई. मलाही येई.

मी त्यांच्या घरापासून दोन रस्ते सोडून एक खोली भाड्याने घेतली होती. नागपूरहून आलो होतो, इथे एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली होती आणि ओळखीचं कुणी नव्हतं. दिवाळीच्या फराळाला काकूंनी बोलावलं. साडेपाचला निघालो, तर बाहेर काळोख झालेला. दिव्यांभोवती धुकं कापसासारखं लोंबत होतं. मागे वळून पाहतो तो काका बुटाची नाडी बांधताहेत.

“काका, सात मिनिटांवर आहे माझं घर.”

“मग आठ लागतील. मी हळू चालतो.”

“पण मग तुम्ही परत एकटे याल. तुम्हांला सोडायला मी येऊ का?”

“ये की. मग तुला सोडायला परत मी येईन. उद्या ऑफिस आहे ना तुला? तेवढ्यापुरतं थांबू.”

आतून काकू म्हणाल्या, “अहो, त्याला घाबरवू नका पहिल्याच दिवशी.” आणि मला म्हणाल्या, “जाऊ दे त्यांना. नाही गेले तर रात्रभर खिडकीशी उभे राहतात.”

त्या आठ मिनिटांत काका काही बोलले नाहीत. मला ते अवघड झालं, म्हणून मी थंडीबद्दल काहीतरी बोललो. ते म्हणाले, “नागपूरकर, सोबतीत बोललंच पाहिजे असं नसतं. पावलं वाजली म्हणजे झालं.” माझ्या दाराशी मी किल्ली फिरवली, आतला दिवा लागला, तेव्हा कुठे ते वळले. पुढे अनेकदा त्यांच्या तोंडून ऐकलेलं एक वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. “घर दिसेपर्यंत माणूस वाटेतच असतो.”

एकदा त्यांचा बॉयलर बिघडला. दुरुस्तीला आलेला माणूस काम आटोपून निघाला, तसे काकाही निघाले. त्याची व्हॅन कोपऱ्यापलीकडे होती. कोपऱ्यावर त्या बिचाऱ्याने आपली हत्यारांची पेटी जमिनीवर ठेवली, उघडली, आणि एकेक पाना बाहेर काढून दाखवू लागला. आपण काही उचललं असा या म्हाताऱ्याला संशय आहे, असं त्याला वाटलं. काका खाली बसून सगळे पाने परत पेटीत भरू लागले, आणि त्यांनी त्याची माफी मागितली. व्हॅन सुरू होऊन वळणाआड होईस्तोवर मात्र ते तिथेच उभे होते.

टॅक्सीत ते नेहमी पुढे, ड्रायव्हरशेजारी बसत. मागे जागा असली तरी. उतरताना विचारत, “आता पुढे कुठे? घरीच ना?” आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी गाडी चालवायला शिकायचं मनावर घेतलं होतं. तीनदा नापास झाले. फार सावकाश चालवतात म्हणून. चौथ्यांदा पास झाले, लायसन्स आलं, ते त्यांनी पाकिटात ठेवलं आणि गाडी काही घेतली नाही. मी विचारलं, तर म्हणाले, “गाडी नकोच होती रे. येत नव्हती, तेवढं यायला हवं होतं.”

हे वाक्य मला बरेच दिवस कळलं नाही. कळलं ते एका जानेवारीत, स्टॅनमोरच्या टेकडीवरच्या माळावर आम्ही दोघं फिरायला गेलो तेव्हा.

दुपारचे तीन वाजले असतील. धुकं इतकं होतं, की पुढचं झाड जवळ गेल्यावरच झाड होई. काका त्या दिवशी आपणहून बोलले. धुक्यात समोरच्याचा चेहरा नीट दिसत नाही, कदाचित म्हणूनही बोलले असतील.

लंडनला बदली होण्याआधी ते आणि काकू नऊ वर्षं मनिलात होते. तिथे त्यांच्या कंपनीचं मोठं ऑफिस. राहायला अकराव्या मजल्यावर फ्लॅट, खाली समुद्राची एक निळी पट्टी, आणि ऑफिसला नेण्या-आणण्यासाठी नेस्टर नावाचा ड्रायव्हर. नेस्टर चाळिशीचा होता. गाडीच्या आरशाला मोगऱ्यासारख्या फुलांची माळ रोज नवी लावी. काकूंच्या हातचा शिरा त्याला फार आवडे.

मग शेवटच्या वर्षी तिथे अमली पदार्थांविरुद्धची ती मोहीम सुरू झाली. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या गल्लीत माणूस मरून पडलेला सापडे. तोंड झाकलेले दोघे मोटारसायकलवरून येत, गोळ्या घालत आणि जात. कोण होते, कुणी पाठवले, याचं उत्तर कुणालाच मिळत नसे. गरीब वस्त्यांत हे चाललेलं, पण भीती अकराव्या मजल्यापर्यंत आली होती.

दर रविवारी तिथली सात-आठ मराठी कुटुंबं एकत्र जेवत. त्या दिवसांत जेवणं बाजूला राहिली. राहायचं की निघायचं, एवढाच विषय. “आपण फॉरेनर आहोत, आपल्याला कोण हात लावतंय?” असं एकजण म्हणे. त्यावर दुसरा, “गोळी पासपोर्ट बघून लागत नाही. गाडीत आपल्या पुढे कोण बसलंय, त्यावर सगळं आहे.” एक ठाण्याचं कुटुंब मुलांची शाळा अर्धवट सोडून निघून गेलं. उरलेल्यांनी काकांना सांगितलं, तुमचं अक्षर चांगलं आणि डोकं थंड, तुम्हीच काही नियम लिहून काढा. काकांनी लिहिले. अंधार पडल्यावर बाहेर जाऊ नये. पायी फिरू नये. अनोळखी वस्तीतून गाडी नेऊ नये. आणि सहावा नियम: घरी कामाला येणाऱ्यांची, ड्रायव्हरची नावं वॉर्ड ऑफिसच्या नशेखोरांच्या यादीत आहेत का, ते विचारून घ्यावं.

“बाकीच्यांनी विचारलंच नाही,” काका म्हणाले. “मी विचारलं. नियम मी लिहिला होता ना.”

नेस्टरने खोटं सांगितलं नाही. पूर्वी रात्रीचा ट्रक चालवायचा, तेव्हा जागं राहायला काहीबाही घ्यायचा. सोडून सहा वर्षं झाली होती. पण मोहिमेत सांगण्यात आलं, जे आपणहून नाव देतील त्यांना भीती नाही. म्हणून त्याने आपणहून जाऊन नाव दिलं. आणि नाव दिलेल्यांपैकी दोघे त्याच्याच गल्लीत मारले गेले होते.

काकांनी त्याला दोन आठवडे रजेवर जायला सांगितलं. पगार चालू राहील, सगळं निवळलं की ये. नेस्टर म्हणाला, “सर, मला गाडीवरच राहू द्या. तुम्ही गाडीत असता तेव्हा मला कुणी काही करत नाही.” काका म्हणाले, दोनच आठवड्यांचा प्रश्न आहे. मग त्याने एवढंच विचारलं, “आज संध्याकाळी मला माझ्या गल्लीपर्यंत सोडाल? तुम्हांला माझ्याबरोबर बघितलं तर बरं पडेल.”

“आणि मला गाडी येत नव्हती,” काका म्हणाले.

धुक्यातून कुणाचं तरी कुत्रं आलं, आमचे बूट हुंगून परत धुक्यात गेलं.

“चालत जाता आलं असतं. जीपनीत, म्हणजे तिथल्या त्या वडापसारख्या गाडीत, बसून जाता आलं असतं. पण दुसरा नियम होता, पायी फिरू नये. मी त्याला किल्ली ठेवायला सांगितली आणि बाल्कनीतून बघत राहिलो. अकराव्या मजल्यावरून माणसाची नुसती टोपी दिसते. ती टोपी जीपनीच्या थांब्याकडे गेली.”

चौथ्या दिवशी नेस्टरच्या बायकोचा मेसेज आला. त्याला त्याच्या दाराशीच गाठलं होतं.

“त्या दिवशी मी गेलो असतो तरी चौथ्या दिवशी काय झालं असतं, सांग. काही फरक पडला नसता. हे मला कळतं, नागपूरकर. पण पाय ऐकत नाहीत.”

तिथे प्रेत काही दिवस घरात ठेवतात आणि लोक येऊन बसतात. काका तिथेही गेले नाहीत. सगळ्यांनी सांगितलं, जाऊ नका, कोण येतं, कोण फोटो काढतं, कोण नावं लिहून घेतं, काही सांगता येत नाही. चार महिन्यांनी त्यांची लंडनला बदली झाली.

त्यानंतर मी त्यांच्या सोबतीला कधी हसलो नाही. मला आधी वाटलं होतं, कारण कळल्यावर त्यांच्याबरोबर चालणं जड होईल. तसं झालं नाही. चेरीच्या पाकळ्यांचा खच पडलेला असो की ऑक्टोबरची ओली पानं, आम्ही शेजारी शेजारी चालत राहिलो. आमच्या दोन घरांमधला तो रस्ता मला अजूनही झोपेत दिसतो, आणि झोपेत तो फार लांब असतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदय थकत चाललं. मुलगा एडिनबराला हॉस्पिटलात डॉक्टर आहे, तो दर पंधरा दिवसांनी येई आणि बजावून जाई, “बाबा, आता चालणं बंद.” काकांची सोबत मग टप्प्याटप्प्याने आखूड झाली. आधी माझ्या दाराऐवजी पोस्टाच्या लाल पेटीपर्यंत. मग स्वतःच्या फाटकापर्यंत. मग उंबऱ्यापर्यंत, भिंतीला धरून. शेवटी पलंगावरून. तेव्हा मी निघालो की ते फोन छातीवर ठेवून पडत, आणि मी घरी पोचून “पोचलो” लिहिलं की डोळे मिटत. एका फेब्रुवारीत मी तसं लिहिलं, आणि उत्तर काकूंचं आलं. “वाचलं त्यांनी. आता झोपलेत.” ते मग उठले नाहीत.

सगळं आटोपल्यावर मुलगा एडिनबराला परत गेला. काकूंनी त्याच्याकडे जायचं नाकारलं. एप्रिलमधल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला गेलो. उन्हं लांबली होती. निघताना सवयीने मी किल्लीच्या आवाजासाठी थांबलो. मग लक्षात आलं, आणि मान खाली घालून बूट घालू लागलो. मागून किल्ली वाजली. काकूंनी कोट घातला होता.

“चल,” त्या म्हणाल्या.

लाल पेटीपर्यंत त्या माझ्या शेजारून चालत आल्या. मग म्हणाल्या, “नेस्टरचं सांगितलं होतं ना तुला त्यांनी? मी गेले होते.”

“कुठे?”

“त्याच्या घरी. यांना सांगितलं, भाजी आणायला जाते. शिऱ्याचा डबा घेतला आणि जीपनीत बसले. सगळे नियम मोडले एका दिवसात. शवपेटीवर काच होती, आणि काचेवर एक पिवळं पिल्लू. कोंबडीचं. दाणे टिपत होतं. ज्याने मारलं त्याच्या मनाला तशी टोचणी लागावी म्हणून ठेवतात तिथे. मी त्या पिल्लाकडेच बघत बसले.”

“काकांना कधी सांगितलंत?”

“नाही. त्याच्या बायकोने माझा हात धरला आणि काय विचारलं माहीत आहे? ‘मॅम, सर हल्ली ऑफिसला कसे जातात?’ रजेचे चारही दिवस नेस्टर घरी तेच म्हणत होता म्हणे. सरांना गाडी येत नाही, एकटं चालायची सवय नाही, त्यांना कोण सोडत असेल. हे यांना कसं सांगणार होते मी?”

आम्ही माझ्या घराशी आलो होतो.

“टोचणी लागली रे,” काकू म्हणाल्या. “भलत्याच माणसाला लागली.”

मी दार उघडलं, आतला दिवा लावला, आणि परत बाहेर आलो. “आता तुम्ही एकट्या कशा जाल? चला, मी येतो.”

“मग तुला सोडायला परत मी येईन.”

“या की.”

काका गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. आम्ही वळलो. चेरीच्या झाडांखालून, लाल पेटीवरून, त्यांच्या फाटकापर्यंत गेलो, आणि त्या खरोखरच परत माझ्याबरोबर निघाल्या. उजेड हळूहळू कमी होत होता आणि दोघांची पावलं वाजत होती. किती खेपा झाल्या, मी मोजल्या नाहीत. एकदा वळणावर काकूंनी माझी बाही धरली.

“जरा हळू चाल,” त्या म्हणाल्या. “ते हळू चालायचे.”