अण्णांची फळी

माझे थोरले दीर पारिसाअण्णा काल गेले. निपाणीकडचे आम्ही जैन, पण बेळगावच्या प्रयोगशाळेत ससे सांभाळायची नोकरी त्यांनी वीस वर्षं केली. पिसाळल्याचा संशय असलेल्या कुत्र्याचा मेंदू डॉक्टर सशाला टोचत. ससा लुळा पडला की कुत्रं पिसाळलेलं होतं हे नक्की. पण रोग उशिरा ओळखू यायचा. म्हणून अण्णांनी प्रत्येक पिंजऱ्यात तिरकी फळी बसवली आणि गवत वर ठेवलं. मागचे पाय जरा ढिले पडले तरी सशाला चढता येईना. डॉक्टरांना तीन दिवस आधी कळायला लागलं. अण्णा रोज वहीत लिहीत, ‘चढला’.

एका श्रावणात माझ्या लेकीच्या, ब्राह्मीच्या गालाला कुत्रं चावलं. कुत्रं मारून त्याचा मेंदू अण्णांकडच्या एका सशाला टोचला. डॉक्टर म्हणाले, सुया आजच सुरू करा. लस मेंढीच्या मेंदूची होती. मी म्हटलं, “जीव मारून केल्याली ती. आधी ससा काय सांगतोय बघू.”

तेवढ्यात दशलक्षण पर्व आलं. मंदिरातनं परतताना मी अण्णांना म्हटलं, “ह्ये धा दिस तरी त्या मुक्या जिवास्नी चढाया लावू नगासा.”

“तू डॉक्टरीणबाई कवा झालीस गं?” अण्णा हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गवत खाली ठेवलं. वहीत लिहिलं, ‘खाल्लं’.

चौथ्या दिवशी ससा कुशीवर पडलेला सापडला. सुया त्याच दुपारी सुरू झाल्या. नवव्या सुईच्या दिवशी ब्राह्मीनं पाण्याला भिऊन तांब्या ढकलून दिला; रोग अंगात भिनला होता. दोन दिवसांनी ती गेली. ते तीन दिवस हाती असते तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

गवत का खाली ठेवलं, असं त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, “माजीच चूक, साहेब.” पुढं कुठल्याच पर्वात त्यांनी गवत खाली ठेवलं नाही. देवळातले लोक कसाई म्हणाले, तरी नाही.

पर्व संपल्यावर क्षमावाणीला आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. दरवर्षी अण्णा पहिले माझ्या उंबऱ्याशी येत, हात जोडून उभे राहत. “बाई, क्षमा कर,” म्हणत.

मीही हात जोडत असे. गवत खाली ठेवा असं मीच म्हटलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. अण्णांनीही नाही.

येत्या क्षमावाणीला दारात कुणी येणार नाही.