माळवदावरची दोरी

परभणीच्या दवाखान्यात पडद्याआड माझ्या कंबरेवरची कातडी बोथट पात्याने खरवडली, काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा रिंगवर्मच आहे."

रिंगवर्म म्हणजे आपलं गजकर्ण. इंग्रजी नावात किडा असला तरी तो किडा नसतो. ती फंगस, म्हणजे बुरशी असते. लोणच्यावर धरते तशी कातडीवर धरते. मला जरा हायसं वाटलं, कारण आमच्या झरी गावात एकदोघींनी आईच्या कानात महारोगाचं नाव घातलं होतं.

पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. दादाची छकुली दिवसभर माझ्या कडेवर असायची. तिच्या मांडीवर तसाच गोल चट्टा उठला आणि वहिनीने तिला माझ्याकडे देणं बंद केलं. भांडली नाही. मी हात पुढे केले की "आत्ताच झोपलीय" म्हणायची, आणि आतून छकुलीचं हसू ऐकू यायचं.

आधी मलम झालं. खाज थांबली म्हणून मी ते सोडलं; चट्टे परत आले. मग जांभळं औषध लावलं. शेवटी ग्रिझिओफल्विनच्या गोळ्या सुरू झाल्या. हे तेव्हा नुकतंच निघालेलं, पोटातून घेऊन बुरशीवर चालणारं औषध. गोळ्या मी न चुकता घेतल्या, तरी परकराची नाडी बांधते तिथे चट्ट्याची नवी गोल कडी उठली.

ती दाखवायला गेलो त्या दिवशी डॉक्टरीणबाई शेजारच्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलल्या. एक तर ही बुरशी रेझिस्टंट असेल, म्हणजे औषधाला दाद न देणारी. नाहीतर हिला घरातूनच पुन्हा लागण होते आहे. मग आईला मराठीत विचारलं, कपडे कुठे वाळवता?

"दोरीवर. आणिक कुठं?" आई म्हणाली.

लुगडी दोरीवरच वाळायची. माझे आणि वहिनीचे परकर मात्र न्हाणीमागच्या अंधारात, लुगड्याखाली झाकून. तिथे ऊन कधी आलंच नाही. बहुतेकदा ते दमटच अंगावर चढायचे. हे आईसमोर मराठीत माझ्या तोंडून निघालं नसतं. हैदराबादच्या शाळेत मी इंग्रजीत शिकले होते. मान खाली घालून त्या भाषेत सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "परकर उकळा आणि उलटे करून कडक उन्हात वाळवा. घरात ज्याला ज्याला चट्टा आहे, त्या सगळ्यांचा इलाज एकदमच करा. नाहीतर माझ्या गोळ्या फुकट."

बसने आम्ही परतलो. गाव आल्यावर आई म्हणाली, "अंगणात गडीमाणसं असत्यात. माळवदावर बांधू दोरी."

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंनी त्यांच्या माळवदावरून, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावरून, विचारलं, "काय हो, झेंडे लावायलाव का?"

"झेंडेच हायेत," आई परकर झटकत म्हणाली. "खाजेवर फत्ते झाली की उतरवू."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या माळवदावरही दोरी दिसली.

वहिनीच्या कंबरेवरही कडी होती, हे मला तेव्हा कळलं. तीही माझ्यासारखीच लपवत होती. मग तिघींचा इलाज एकदमच झाला. छकुलीला फक्त मलम.

तुमच्यापैकी कुणाला हे झालं, तर खाज थांबली म्हणून औषध सोडू नका. डॉक्टर सांगतील तोवर घ्या. टॉवेल वेगळा ठेवा. आणि औषध हरलं असं वाटलं, तर आधी आपली दोरी कुठे आहे ते बघा. लाजेने मीही वर्ष घालवलं. विचारणारी डॉक्टर भेटली आणि ऐकणारी आई होती, म्हणून निभावलं.

पुन्हा खरवडून पाहिलं तेव्हा काच स्वच्छ निघाली. घरी आले तर वहिनी चुलीपुढून उठली.

"घ्या वन्सं हिला. मला भाकरी टाकायच्यात."

छकुली सवयीने कडेवर बसली. नुकताच माळवदावरून आणलेला परकर अजून कोमट होता. तिने त्यावर टाच घासली आणि तिथेच ठेवली.