हजिऱ्याचा नांगर

सुरतेत एकवीस वर्षं मी कापड विणायचे लूम दुरुस्त केले आणि एकवीस वर्षं एकच मंत्र जपला: आवळ. नट ढिला राहिला की धागा तुटतो, धागा तुटला की शेठ तुटून पडतो. ही सवय इतकी हाडीमाशी भिनली की मी लावलेली लोणच्याची बरणी घरात दुसऱ्या कोणाला उघडत नाही.

यंदा शेठने जुने लूम भंगारात घातले. त्यांच्यासोबत मीही गेलो, फक्त माझं वजन कोणी केलं नाही. मुलगा सुमित पर्वत पाटियाच्या एका कापड मार्केटात कामाला आहे. त्याने तिथेच माझी वॉचमनची नोकरी ठरवली, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. निळा गणवेश कोसाडच्या आमच्या खोलीत खुंटीला लटकला. काम वाईट नाही, पण लोक मला हिलाल मिस्त्री म्हणायचे. ते ऐकल्याशिवाय मला जेवण जात नसे.

तेवढ्यात मेहुणा भूपेंद्र आला. त्याने चलथाणजवळ जमीन कसायला घेतलेली, जुना छोटा ट्रॅक्टरही आणलेला. नांगर तेवढा नव्हता.

"विकत कशाला? मी बनवतो," मी म्हणालो. खानदेशात मी नांगर शेवटचा धरला तेव्हा चौथीत होतो, आणि तोही बाप पाणी प्यायला गेला म्हणून.

"चालला तर आणखी चौघे बनवून घेतील, दाजी," भूपेंद्र म्हणाला. चौघे म्हणजे वॉचमनकी टळली.

मी ट्रकच्या पाट्याचा फाळ केला, भंगारातल्या लूमचा दांडा लावला आणि जिथे जोड दिसला तिथे वेल्डिंग मारलं. हलेल असं काही ठेवलंच नाही.

महिना संपायला दोन दिवस राहिले असताना नांगर वावरात उतरवला. फाळ जमिनीत घुसला आणि घुसतच गेला. ट्रॅक्टरने पुढची चाकं उचलली, तो कण्हला, बंद पडला. असं तीनदा झालं.

बांधावरून माझी बायको उषाबाई ओरडली, "हाऊ नांगर वावरना शे, का हजिराना जहाजना?"

हजिरा म्हणजे सुरतेजवळचं बंदर. भूपेंद्र हसत खाली बसला. मीही हसलो, पण डोळ्यांपुढे तो निळा गणवेश आला.

उषाबाई जवळ येऊन वाकून बघू लागली. "मना बाप पाचर मारे," ती म्हणाली. "तुम्हीन समदं चिटकाडी टाकं."

तिच्या बापाच्या लाकडी नांगराला पाचर असे. ती ढिली-घट्ट केली की फाळ उथळ किंवा खोल जाई. माझ्या नांगरात सरकणारं काहीच नव्हतं. माझ्यातही नव्हतं म्हणा.

मी नांगर ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा मधोमध कापला आणि तिथे आट्यांचा तुकडा बसवला, फिरवला की दांडा लांब-आखूड होणारा. दुसऱ्या दिवशी उषाबाई "आखो ढिला, आखो", म्हणजे आणखी ढिला, म्हणत गेली आणि मी जीव मुठीत धरून फिरवत गेलो. फाळ वीतभर गेला, तिथेच थांबला, आणि ढेकळं एका बाजूला पडू लागली. मला चक्क रडू आलं.

बघायला आलेल्यांपैकी एकाने विचारलं, "मिस्त्री कोण?"

छाती फुगायच्या आत मी उषाबाईकडे बोट केलं.

तिने पदर तोंडाला लावला. "मिस्त्री ह्याच शेतस. मी ते पाचर शे."

सध्या पाचवा नांगर चालू आहे. गणवेश वेल्डिंगला कामी येतो, कापड जाड आहे. शेवटचा नट आवळायला घेतला की मागून उषाबाई खोकते, आणि मी पाना खाली ठेवतो.