काचेवरचं बोट

आमच्या धाराशिवकडच्या एका छोट्या संग्रहालयातले राखणदार काका, कुणी काचेकडं नुसतं बघितलं तरी फडकं घेऊन धावतात. "बघा, पर बोट लावू नका."

यंदा तिथं, रोमन काळातल्या व्यापाराच्या खुणा खोदून काढणाऱ्या संशोधक साहेबांचं प्रदर्शन भरलं. काचेमागच्या खोदकामाच्या जुन्या फोटोत साहेब पुढं, मागं डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया. खाली नाव एकट्या साहेबांचं. मी दारातच पत्रकं वाटली: 'खोदलं कुणी?' काकांनी वाचलं, "लई रागावता ताई तुम्ही" म्हणाले आणि त्याच पत्रकानं काच पुसली.

उद्घाटनाला पाहुणे फोटोपुढं थांबले, तसं काकांनी काचेवर बोट टेकवलं. "ही आमची माय. सखूबाई."

"काका, काचेला डाग पडला," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या आज," म्हणत त्यांनी फडकं खिशात घातलं.